सहाव्या मात्रेवरचा खोकला

मी आयुष्यात एकदाच नाटकात प्रॉम्प्टिंग केलं, आणि ते एका माणसाने खोकू नये म्हणून. तो खोकला. लोकांनी वन्स मोअर दिला.

तो माणूस आमच्या फॅक्टरीचा हेड टाइमकीपर. मुलुंडला आग्रा रोडवर स्क्रू आणि बोल्ट बनवणारी आमची फॅक्टरी होती. मी टाइम ऑफिसात टायपिस्ट होते आणि पंचविशीत होते. साठच्या दशकातली ही गोष्ट. त्यांचं खरं नाव मस्टरवर असेल. एरवी भट्टी खात्यातल्या हेल्परपासून मॅनेजरसाहेबांपर्यंत सगळे त्यांना बुवा म्हणत. ते गाणं कुणाकडे शिकले होते की नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं. मी एकदा सरळ विचारलं तर म्हणाले, "शिकलो असतो तर इथे कशाला आलो असतो?" मी पुन्हा विचारलं नाही. मला कामं होती.

उंच, काटकुळा बांधा, गळ्यात बाराही महिने खाकी मफलर. मे महिन्यात मिठागरांकडून गरम वारा यायचा, आमचे कपडे अंगाला चिकटायचे, आणि बुवा मफलरीत. कुणी टोकलं तर म्हणत, "घाम पुसता येतो. गळा पुसता येत नाही."

टाइम ऑफिसची खिडकी गेटला लागून. कामगार यायचे, कार्ड घड्याळात घालून ठोका मारायचे, आणि बुवा त्यांच्याकडे गवयी तबलजीकडे बघतो तसे बघायचे. आठला पाच कमी असताना आलेल्याला म्हणायचे, "शाब्बास, समेवर." आठ वाजून दोन मिनिटांनी आलेल्याला नुसती मान हलवायचे, आणि त्या मानेची लोकांना लाल शाईपेक्षा जास्त धास्ती होती. फॅक्टरीचा भोंगा काळी चारमध्ये वाजतो, असं त्यांचं म्हणणं. बॉयलरवाल्याने एकदा भोंग्याची झडप बदलली आणि भोंगा अर्ध्या सुराने चढला. त्या दिवशी उशिरा आलेल्या सगळ्यांना बुवांनी माफ केलं. "त्यांची काय चूक?" मला म्हणाले. "त्यांना वाटलं असेल दुसऱ्याच फॅक्टरीचा आहे."

आजारपणाच्या रजेचे अर्ज त्यांच्याकडे यायचे. तिथे त्यांची खरी हौस. आजाराला चाल असते, हे त्यांचं आवडतं वाक्य. चाल सापडली की डॉक्टर फक्त साथीला.

"ताप होता, बुवा."

"कसा? धरून होता की सोडून सोडून?"

"एक दिवसाआड यायचा."

"तालात आहे. मलेरिया. मंजूर."

दुसरा यायचा. "पोटात दुखत होतं."

"कसं दुखत होतं?"

"आता कसं म्हणजे? कसंपण."

"बेताल दुखण्याला रजा नाही. जा, नीट आठवून ये."

माझं मनगट मोडलं तेव्हा मी प्लास्टर घालून कामावर आले. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि फार गंभीरपणे विचारलं, "बाई, कळ कशी येते? मींड घेत येते की खटका?"

मी म्हटलं, "बुवा, हाड मोडलंय."

"ते झालंच. पण येते कशी?"

मी सांगितलं नाही. पण घरी जाताना माझ्या लक्षात आलं की मी ती कळ मोजत होते, आणि ती खटक्यानेच येत होती. त्यांचा राग यायचा तो यासाठी.

मग ते स्वतः आजारी पडले. दोन महिने टाइम ऑफिसात खोकत होते. त्यांना खोकल्याची ढास लागली की मी टाइपरायटरवरची बोटं थांबवून वाट बघायची. ढास संपली की ते म्हणायचे, "चालू द्या." डॉक्टरकडे मात्र जाईनात. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत गुणगुणता गुणगुणता थांबले, पाणी प्यायले, पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबले. उठून सरळ फॅक्टरीच्या डॉक्टरांकडे गेले आणि म्हणाले, "माझा वरचा षड्ज गेला."

डॉक्टर मरोळच्या गावठाणातले, जुन्या ख्रिस्ती कुटुंबातले. घरी मराठीच बोलायचे. शब्दाला कंजूस, आणि चिडले की जास्तच. त्यांनी षड्ज बाजूला ठेवला आणि छातीचा फोटो काढायला पाठवलं. उजव्या फुप्फुसाला क्षय निघाला. बुवा घाटावरच्या एका सॅनिटोरियममध्ये गेले ते सव्वा वर्ष आलेच नाहीत.

तिथे बोलायला बंदी, गायला तर कडक बंदी. रोज सुई, मूठभर गोळ्या आणि उताणं पडून राहायचं. माणसं अशा वेळी जपाला लागतात, नाहीतर शेजारच्या खाटेवरच्याशी भांडतात. बुवांनी पायाशी लटकवलेला तापाचा तक्ता पाहिला. चौकटींच्या कागदावर रोजच्या तापाचे ठिपके, ते जोडणारी रेघ. रेघ वर चढते, खाली येते, पुन्हा चढते. त्यांना ते सरळ नोटेशन दिसलं. नव्व्याण्णवला मध्य षड्ज धरला, एकशे तीनला तार सप्तक. पहिल्या आठवड्याच्या तापातून नांदीची चाल निघाली. तिसऱ्या आठवड्यात ताप उतरायच्या गोळ्या सुरू झाल्या तेव्हा त्यांनी नर्सला कागदावर लिहून विनवलं की आणखी दोन दिवस थांबा, अंतरा आत्ताच वर निघालाय. नर्सने तो कागद तिथल्या डॉक्टरांना दाखवला आणि त्यांनी डोस वाढवला.

ते परत आले तेव्हा पाच किलोंनी जाड झाले होते आणि काखेत पाच अंकी संगीत नाटक होतं. जुन्या तक्त्यांच्या पाठीवर लिहून वहीसारखं शिवलेलं. नाव, 'संगीत फुप्फुसोद्धार'.

मी ते वाचलं, कारण त्यांचं अक्षर फक्त मलाच लागायचं. फुप्फुस-नगरीवर यक्ष्मासुर चालून येतो. राजपुत्र दक्षिणफुप्फुस, म्हणजे उजवं, घायाळ होतो. थर्मामीटर म्हणजे पारदमुनी, हे सतत वर-खाली जात सगळ्यांना बातम्या देतात. नायिका सूचिका, म्हणजे इंजेक्शनची सुई. तिचं राजपुत्रावर प्रेम. एवढं वाचून मी व्यवहाराचा प्रश्न विचारला.

"बुवा, सुई टोचतात कमरेखाली. फुप्फुस छातीत. यांची भेट कुठे होते?"

बुवांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. "होतच नाही, बाई. म्हणून तर विरहाची चार पदं आहेत."

इथे हसून सोडून देता आलं असतं. पण एक अडचण होती. कंपनीचा नियम असा की या आजारातून आलेल्याला सहा महिने हलकं काम द्यायचं, आणि सहा महिन्यांनी डॉक्टरांनी लिहून द्यायचं, फिट की अनफिट. अनफिट म्हणजे नोकरी गेली, आणि नोकरीबरोबर कॉलनीतल्या दोन खोल्या गेल्या. बुवांना बायको होती, लग्नाच्या दोन मुली होत्या, आणि गावाला कुणी नव्हतं. थुंकीची तपासणी स्वच्छ होती. पण फोटोत उजवीकडे अजून डाग दिसत होता. डॉक्टरांनी सगळ्यांसमोर सांगून ठेवलं होतं, "डाग मेलाय की झोपलाय, ते फोटोत दिसत नाय. खोकल्यात कळतं. एकदा जरी खोकताना दिसलात ना बुवा, मी नाय सही करत. दुसऱ्या चारशे माणसांच्या छात्या पण माझ्याच डोक्यावर आहेत."

ते सहा महिने बुवा एकदाही खोकले नाहीत. कॅन्टीनमध्ये मिरचीची फोडणी बसायची, सगळं टाइम ऑफिस शिंकायचं आणि ठसकायचं, बुवा डोळ्यांत पाणी आणून ताठ बसायचे. मफलरीत तोंड घालायचे, पण आवाज नाही.

आणि नाटकाच्या चौथ्या अंकात, राजपुत्राच्या तोंडी, खोकल्याचं पद होतं.

नाटक बसवायची परवानगी गणपतीच्या कार्यक्रमात मिळाली. राजपुत्र बुवा स्वतः. सूचिकेचं काम लेथवरचा तावडे करणार. तो अंगाने धिप्पाड, पण गळा गोड. मिशी काढायला तयार नव्हता. "बायको ओळखणार नाय मला," म्हणाला. बुवांनी शालीनता म्हणून सूचिकेला नाकापर्यंत पदर दिला. पायपेटीला स्टोअर्समधला कुडाळकर. त्याला चौथ्या अंकाची साथ समजावून सांगितली तेव्हा तो पेटीचं झाकणच लावायला निघाला.

"बुवानू, माका खोकल्याक साथ करूक सांगतास? गावात कळला तर माका भजनाक बोलवचे नाय."

"खोकल्याला साथ नाही करायची रे. तिथे थांबायचं. झपतालाची सहावी मात्रा. तिथे खाली असते, म्हणजे रिकामी जागा. डग्गासुद्धा गप्प असतो. खोकल्याला तीच जागा."

तालमीत मात्र ते प्रत्यक्ष खोकत नसत. त्या जागी आले की हात वर करून म्हणायचे, "इथे ते." आणि पुढे जायचे. त्यामुळे ते काय असणार, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. प्रयोगाची तारीख ठरली तो रविवार. डॉक्टरांनी कागद द्यायचा तो दुसऱ्या दिवशी, सोमवारी.

शुक्रवारी संध्याकाळी वहिनी, म्हणजे बुवांची बायको, माझ्या घरी आल्या. चहा घेतला नाही. उभ्यानेच बोलल्या.

"ते चौथ्या अंकातलं काढून टाक. तुझ्या हातात आहे ना वही?"

"त्यांना सांगितलंत का तुम्ही?"

"सांगितलं. म्हणतात, चौथ्या अंकात खोकलो नाही तर पाचव्यात बरा कशातून होऊ? आता याच्यावर मी काय बोलू, तूच सांग. पहिल्या रांगेत डॉक्टर बसणार. हे रंगमंचावर उभे राहून खोकणार. अगं, सहा महिने मी घरात हिंगाशिवाय दुसरी फोडणी दिली नाही!"

मला त्यांचं पटलं. शनिवारी मी वही घेतली आणि ते पान अलगद काढलं. घडी करून पर्समध्ये ठेवलं. आधीचं भाषण संपलं की मी पुढच्या पानावरचं वाक्य मोठ्याने देणार, बुवा ओघात पुढे जातील, खोकला राहून जाईल. योजना साधी होती. त्यात एकच चूक होती, की मी त्यांना पाठांतर नसेल असं धरलं होतं.

नाटक रविवारी दुपारी तीनला सुरू झालं, कॅन्टीनच्या हॉलमध्ये. टेबलं एकावर एक रचून भिंतीला लावली होती. भट्टी खात्याला रविवार नसतो, त्यामुळे सातला जेवण लावायचं होतं आणि कॅन्टीनवाल्याने बजावलं होतं की साडेसहाचा भोंगा झाला की राजा असो की राक्षस, त्याला टेबलं लागतील. बुवांनी हिशेब करून ठेवला होता. पाच अंक, साडेतीन तास. वन्स मोअर मात्र त्यांनी धरलेच नव्हते. स्वतःच्या आजाराला लोक वन्स मोअर देतील, असं कुणाच्या मनात येईल?

पहिल्यापासूनच लोक पेटले. पारदमुनींनी एकशे तीनवर तान मारली तेव्हा मोल्डिंग खात्यातून शिट्ट्या आल्या. तावडेच्या विरहाच्या पदाला दोन वन्स मोअर. पदराआडून मिशी दिसत होती आणि त्याच्याच खात्यातला एकजण रडत होता. मॅनेजरसाहेबांना काही कळत नव्हतं, पण ते टाळ्या वाजवत होते. त्यांच्या शेजारी डॉक्टर, हातांची घडी घालून.

चौथा अंक लागला तेव्हा सहाला दहा मिनिटं होती. राजपुत्र खाटेवर. त्या पदाच्या आधीचं भाषण संपलं. मी विंगेतून ठणठणीत आवाजात पुढच्या पानावरचं वाक्य दिलं, "प्रधानजी, पहाट झाली!"

बुवांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. लहान मुलाने देवाचा प्रसाद आधीच खाल्लेला दिसावा तसं हसले. मग कुडाळकरला सूर द्यायची खूण केली आणि उठून बसले.

श्वास मज ये...

आणि खोकले.

तो खोकला मी ओळखत होते. ज्याच्यासाठी मी टाइपरायटर थांबवायचे, तोच. खोलवरून, खालून, तळातून वर येणारा. हॉलमधली लहान मुलं गप्प झाली. वहिनी विंगेत माझ्या शेजारी चहाची किटली धरून उभ्या होत्या. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "गेल्या खोल्या."

पहिल्या रांगेत डॉक्टर उभे राहिले होते. खिशातून चष्मा काढून घालत होते.

बुवांनी ओळ पुरी केली. ...ना सखे गं. पद संपलं. मग मागून, भट्टीवाल्यांच्या बाकांवरून आवाज आला, "वन्स मोअर!"

माझ्या अंगावर काटा आला असं मी म्हणणार नाही. मला त्या माणसाला शोधून थोबाडीत द्यावीशी वाटली.

संगीत नाटकाचा रिवाज असा की वन्स मोअर मिळाला की नटाने नाही म्हणायचं नाही. मेलेला असेल तरी उठून गायचं. बुवांनी नमस्कार केला, उशी ठीक केली, झोपले, पुन्हा उठले, पुन्हा गायले आणि पुन्हा खोकले. या खेपेला कुडाळकर घाबरून पळत होता, तबलजी त्याच्यामागे. पण बुवांचा खोकला आपल्या जागी आला. पुन्हा वन्स मोअर. आता सगळा हॉल ओरडत होता. मॅनेजरसाहेबसुद्धा. तिसऱ्या वेळी मी राजपुत्राकडे बघितलंच नाही, डॉक्टरांकडे बघितलं. ते खाली बसले होते. त्यांचा उजवा हात गुडघ्यावर होता आणि बोटं हलत होती.

एवढ्यात साडेसहाचा भोंगा झाला. कॅन्टीनवाला माणसं घेऊन आत आला आणि त्याने पहिलं टेबल यक्ष्मासुराच्या सिंहासनापाशी आणून आदळलं. लोक उठले, जल्लोष करत निघाले. पाचवा अंक, म्हणजे बरं होण्याचा अंक, झालाच नाही. राजपुत्र खोकत खोकत तसाच राहिला.

गोदामाच्या पार्टिशनमागे आमची रंगपटाची खोली होती. बुवा मुकुट काढून बसले होते. डॉक्टर आत आले. खिशात घडी केलेला कागद होता, तो मला दिसला. वहिनींनाही दिसला.

"चौथ्या अंकाला मी ठरवलं होतं," डॉक्टर म्हणाले. "अनफिट. उभा राहिलो तो दवाखान्यात जाऊन लिहायलाच निघालो होतो. मग दुसऱ्यांदा खोकलात. बुवा, कितव्या मात्रेवर?"

"सहाव्या."

"पहिल्यांदा?"

"सहाव्या."

"तिसऱ्यांदा पण सहाव्या. मी मोजलंय. मी चर्चमध्ये व्हायोलिन वाजवतो. दुसऱ्या वेळी तुमचा पेटीवाला पळाला."

"पळतोच तो," बुवा म्हणाले.

"तरी तुमी सहाव्यालाच. पेटी पळाली तर तुमी खोकल्याला पळवलात. तीस वर्षं मी छात्या ऐकतोय. आजारी माणसाला खोकला येतो, माणूस खोकल्याला आणत नाय." ते माझ्याकडे वळले. "पण हे लिहिलेलं आहे की नशिबाने झालं, ते बघायचंय मला. वही द्या, बाई."

मी वही दिली. त्यांनी चाळली. ते पान नव्हतं.

असल्या वेळी लाजत बसण्यात अर्थ नसतो. मी पर्स उघडली. बसचं तिकीट, सेफ्टीपिनांची माळ आणि त्याखाली आठ घड्या घातलेलं ते पान. डॉक्टरांनी ते दिव्याखाली धरलं. एका बाजूला फिकट पडलेला तापाचा तक्ता, दुसऱ्या बाजूला दहा चौकटी. श्वा, स, म, ज, ये. सहाव्या चौकटीत लाल शाईने 'खोक्'. मग ना, स, खे, ग.

डॉक्टरांनी चौकटींवरून बोट फिरवत दहापर्यंत मोजलं. मग त्यांनी स्टेथोस्कोप काढला, राजपुत्राचा अंगरखा वर करून छाती ऐकली, पाठ ऐकली, आणि टेबलावर कागद ठेवून सही केली. फिट.

बुवांनी कागद वाचला आणि परत त्यांच्याकडे सरकवला.

"हे मला मान्य नाही," म्हणाले.

"काय?"

"तुम्ही चौथ्या अंकावर निकाल दिलात. मी बरा होतो पाचव्यात. तो बघा, मग सही करा. फार नाही, चाळीस मिनिटं. वजन वाढतं. पौंडागणिक एक पद आहे, एकूण अकरा."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. वहिनींनी किटली खाली ठेवली, टेबलावरचा कागद उचलला, घडी करून कमरेला खोचला आणि म्हणाल्या, "तुम्ही बसा गात. मी घरी निघाले." आणि गेल्या. डॉक्टर त्यांच्यामागून गेले.

बुवांनी मला पानाबद्दल कधी बोल लावला नाही. दुसऱ्या दिवशी कामावर आल्यावर एवढंच म्हणाले, "बाई, पान काढायचं होतं तर सहावी चौकट तेवढी कापायची. अख्खं पद का नेलंत?"

त्यानंतर बारा वर्षं ते खिडकीत बसले. उशिरा येणाऱ्यांकडे बघून मान हलवली, बेताल पोटदुख्या नामंजूर केल्या, दोन्ही मुलींची लग्नं त्याच दोन खोल्यांतून केली. दर वर्षी गणपतीच्या आधी उत्सव कमिटीकडे अर्ज करायचे, या वर्षी फक्त पाचवा अंक घ्यावा. अर्ज मीच टाइप करायचे. दर वर्षी कमिटीचं उत्तर एकच.

"बुवा, चौथा करा ना! खोकला जबरा होता."

"अरे, पण मी बरा झालो."

"ते आहेच हो. पण त्यात बघायचं काय?"

खरं सांगायचं तर कमिटीचं मला पटायचं. मी पाचवा अंक वाचलेला होता. आठव्या पौंडाच्या पुढे मलाही जाववलं नव्हतं. पण बुवा म्हणायचे, "राहिलाय तो. एवढा एक राहिलाय." आणि हे म्हणताना त्यांचा हात मफलरीवर जायचा. तेवढ्यापुरतं मला वाईट वाटायचं. मग पगारपत्रकं यायची.

ते रिटायर झाले तेव्हा निरोपसमारंभ त्याच कॅन्टीनच्या हॉलमध्ये झाला. दुपारी चारची वेळ. मी तोवर टाइम ऑफिसची हेड क्लार्क झाले होते. डॉक्टर कधीच निवृत्त झाले होते, पण मरोळहून काठी टेकत आले आणि पहिल्या रांगेत बसले. वहिनी नव्या लुगड्यात. तावडेने पांढऱ्या मिशांनी भाषण केलं आणि आपण सूचिका होतो हे चारदा सांगितलं. कुडाळकरने जुनी पायपेटी बाहेर काढली. तिचा भाता फाटला होता. आता तीच खोकत होती.

हार झाला, नारळ झाला. मग मागच्या बाकांवरून ओरडा सुरू झाला. त्यातल्या अर्ध्या पोरांचा नाटकाच्या वेळी फॅक्टरीशी संबंध नव्हता. त्यांनी फक्त ऐकलं होतं. "खोकला! बुवा, खोकला!"

बुवा उठले. मफलर सारखी केली. मला हाक मारली, "बाई, विंगेत उभ्या राहा." विंग नव्हती. मी ताटांच्या रॅकपाशी उभी राहिले.

श्वास मज ये...

आणि सहाव्या मात्रेवर काहीच आलं नाही. बुवांचं तोंड उघडं होतं, हात वर होता, आणि मात्रा रिकामी गेली. ते ओळ पुरी करून थांबले. माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. या वेळी मी पान काढलं नव्हतं.

पोरांना वाटलं बुवा चुकले. कुजबूज सुरू झाली. तेवढ्यात पहिल्या रांगेत काठी आपटली.

"वन्स मोअर," डॉक्टर म्हणाले.

बुवा पुन्हा गायले. सहावी मात्रा रिकामी. डॉक्टरांची बोटं गुडघ्यावर होती. पुन्हा काठी आपटली. बुवा तिसऱ्यांदा गायले. कुडाळकर पळत होता, भाता फुसफुसत होता, आणि बुवांच्या तोंडून सहाव्या मात्रेवर तिसऱ्यांदा स्वच्छ काही नाही. नेमकं सहाव्यावर काही नाही, आणि सातव्यावर सूर.

डॉक्टर वहिनींकडे वळले. "आता तो फिटचा कागद फाडला तरी चालेल," म्हणाले.

बुवा खाली बसले. चेहरा असा, की अकरा पौंडांची अकरा पदं गाऊन झाली आहेत. "झाला," मला म्हणाले. "पाचवा झाला."

मी पडदा पाडला असता, पण पडदा नव्हता, आणि कॅन्टीनवाल्याने टेबलं आणायला सुरुवात केली.